मदत मागण्याची विद्या

गतवर्षी याच वार्षिक अंकाची सिद्धता चालू असताना आमच्या शाळेच्या संगणक-दालनात एक अपघात घडला. तो तसा लहानच. परंतु त्याने आम्हांस जे शिकविले ते लहान नाही. म्हणून त्याची हकीकत आधी सांगतो आणि मग आमचे मत मांडतो.

विद्यार्थ्यांनी टाइप केलेले अकरा लेख एका फोल्डरमध्ये ठेवलेले होते. त्यांच्या जुन्या, अर्धवट प्रती काढून टाकण्याचे काम आम्ही इयत्ता नववीतील एका विद्यार्थ्यास सांगितले. मुलगा हुशार आणि उत्साही. एकेक प्रत निवडून पुसत बसण्याऐवजी त्याने पॉवरशेल नावाची काळी-निळी खिडकी उघडली, एका मित्राने मोबाइलवर पाठविलेली ओळ जशीच्या तशी टाइप केली आणि एंटरची कळ दाबली. क्षणार्धात जुन्या प्रती गेल्या आणि त्यांच्याबरोबर नव्याही गेल्या. पडद्यावरील कचरापेटी उघडून पाहिली, तर तीही रिकामी.

आम्ही विचारले, “ही ओळ काय करते, हे ठाऊक होते का तुला?”

तो म्हणाला, “सर, ती चालते असे मित्राने सांगितले होते.”

“चालली तर खरीच. पण ती काय करते, हे कोणास विचारलेस?”

तो काही वेळ खाली मान घालून उभा राहिला. मग अगदी हळू म्हणाला, “कोणास विचारायचे, सर?”

हा प्रश्न आमच्या मनास लागून राहिला. मुलाने उद्धटपणा केला नव्हता. त्याला खरोखरच ठाऊक नव्हते. आणि ते ठाऊक नसण्याचा दोष त्याच्यापेक्षा आमचा अधिक होता. कारण त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याच खिडकीत, त्याच्या बोटांपासून एका ओळीच्या अंतरावर वाट पाहत होते. आणि आम्ही ते त्याला कधी दाखविले नव्हते. लेख पुढे मुलांच्या वह्यांवरून पुन्हा टाइप करून घेतले. सर्वांत अधिक पाने त्या मुलानेच टाइप केली. परंतु प्रश्न तसाच उरला, आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेख आहे.

पॉवरशेलसारख्या साधनास संगणकाच्या परिभाषेत ‘शेल’ म्हणतात. चित्रे आणि बटणे बाजूस ठेवून संगणकाला शब्दांनी आज्ञा देण्याची ही जागा. येथे आपण रोमन अक्षरांत एक ओळ लिहावयाची आणि यंत्राने ती पाळावयाची. यंत्र इतके आज्ञाधारक असते की, आज्ञा शहाणपणाची आहे की वेडेपणाची, हे ते पाहत नाही. म्हणूनच आज्ञा देणाऱ्याने तिचा अर्थ आधी जाणला पाहिजे. हे जाणण्याची सोय ज्यांनी शेल निर्माण केले त्यांनीच करून ठेवलेली आहे. पॉवरशेलमध्ये तिचे नाव ‘गेट-हेल्प’.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. भाषा शिकविणे हा आमचा व्यवसाय. संगणक-दालनाची किल्ली आमच्या हाती आली ती केवळ दुसरे कोणी घेईना म्हणून. त्यामुळे पॉवरशेलकडे आम्ही पाहिले ते व्याकरणाच्या डोळ्यांनी, आणि पाहून आनंद झाला. त्याच्या आज्ञेत प्रथम क्रियापद येते, मग एक आडवी रेघ, आणि मग नाम. ‘गेट-हेल्प’ म्हणजे ‘आण मदत’. ‘रिमूव्ह-आयटम’ म्हणजे ‘काढ वस्तू’. आपल्या मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी बसते, येथे ते आरंभी बसते, एवढाच फरक. त्या मुलाने पाठविलेल्या ओळीतील मुख्य आज्ञा ‘रिमूव्ह-आयटम’ हीच होती. तिच्यामागे ‘रिकर्स’ असा एक शब्द जोडलेला होता. त्याचा अर्थ असा की, दाखविलेल्या जागेतील सर्व वस्तू आणि तिच्या पोटातील फोल्डरांतील सर्व वस्तूदेखील काढून टाक. ही आज्ञा वस्तू कचरापेटीत ठेवीत नाही. कायमची पुसून टाकते.

त्याने जर आधी ‘गेट-हेल्प’ने ‘रिमूव्ह-आयटम’ची सविस्तर मदत उघडून वाचली असती, तर ‘रिकर्स’चा अर्थ त्यास मिळाला असता. एवढेच नव्हे, तर ‘व्हॉटइफ’ असा आणखी एक शब्द आहे आणि तो आज्ञेमागे जोडला असता यंत्र प्रत्यक्ष काही न करता ‘काय झाले असते’ तेवढेच सांगते, हेही समजले असते. परीक्षेपूर्वी सराव-परीक्षा असते, त्यातलाच हा प्रकार. अकरा लेख वाचविणारा तो शब्द त्या मदतग्रंथात लिहिलेला होता आणि आम्ही कोणी तो वाचला नव्हता.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. ‘गेट-हेल्प’ दिल्यावर जो मजकूर येतो, तो त्याच अरुंद खिडकीत येतो. तो अत्यंत आटोपशीर असतो. चौकटी कंसात घातलेला भाग वैकल्पिक, कोनी कंसात घातलेला शब्द म्हणजे तेथे कोणत्या प्रकारचे मूल्य द्यावयाचे त्याची खूण, असे त्याचे संकेत आहेत. जाणत्यास तो पुरतो. नवशिक्या विद्यार्थ्यास मात्र ते सूत्र वाटते आणि सूत्र भाष्यावाचून उमगत नाही. अशा वेळी त्याच आज्ञेच्या शेवटी आडवी रेघ देऊन ‘ऑनलाइन’ हा शब्द जोडावा. लगेच ब्राउझर उघडतो आणि त्यात नेमके त्याच आज्ञेचे सविस्तर पान समोर येते. एकेका विकल्पाचे स्पष्टीकरण, क्रमांक दिलेली उदाहरणे, संबंधित आज्ञांचे दुवे, असे सर्व तेथे ओळीने मांडलेले असते. अक्षरे मोठी करता येतात, त्यामुळे मागच्या बाकावरच्या मुलासही वाचता येते. एकीकडे पान उघडे ठेवून दुसरीकडे आज्ञा लिहिता येते. सूत्र शेलमध्ये आणि भाष्य ब्राउझरमध्ये, अशी ही वाटणी आम्हांस फार सोयीची वाटते. पॉवरशेलमध्ये ही सोय २००९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे.

यात आणखी एक गुण आहे आणि आमच्या मते तोच सर्वांत मोठा. विद्यार्थी शोधयंत्रात प्रश्न टाकतो तेव्हा त्याच्यापुढे शंभर वाटा उघडतात आणि त्यांतील कोणती घराकडे जाते हे त्यास कळत नाही. शेलमधून मदत उघडली म्हणजे जेथे अडले तेथूनच दार उघडते, आणि ते ज्यांनी साधन घडविले त्यांच्याच लेखनाकडे नेते. ऐकीव गोष्टीवर न थांबता मुळापाशी जाण्याची ही सवय आहे. आपल्या गोव्यात या सवयीचा मोठा आदर्श होऊन गेला. साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांना बुद्धाचे चरित्र आणि उपदेश समजून घ्यावयाचा होता. ते १८९९ मध्ये घर सोडून निघाले, संस्कृत शिकले, आणि मूळ पाली ग्रंथ वाचता यावेत म्हणून पुढे श्रीलंकेपर्यंत गेले. त्यांच्या तपश्चर्येशी एका आज्ञेची बरोबरी करणे हास्यास्पद होईल, हे आम्ही जाणतो. परंतु ‘कोणी सांगितले’ येथे न थांबता ‘मुळात काय आहे’ तेथवर जाण्याची वृत्ती लहान कामातही तीच असते.

येथे एका गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. ब्राउझर म्हणजेच इंटरनेट, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः ब्राउझर हा केवळ वाचक आहे. पान दूरच्या संगणकावरून आलेले असो वा आपल्याच यंत्रात ठेवलेले असो, तो दोन्ही सारख्याच प्रेमाने वाचतो. ‘गिट’ या साधनाचे उदाहरण घ्यावे. लिखाणाच्या क्रमाक्रमाने बदलत गेलेल्या आवृत्त्या जपून ठेवणारे हे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केले. विंडोजवर ते बसविले असता ‘गिट हेल्प’ आणि पुढे आज्ञेचे नाव लिहिताच ब्राउझर उघडतो. परंतु त्यात येणारे पान आपल्याच संगणकातून येते. इंटरनेटची तार काढून ठेवली तरी ते उघडते. २००५ मध्येच आलेल्या दुसऱ्या एका शेलचे नाव ‘फिश’ आहे. गोव्यातील मुलांना ते नाव ऐकून हसू आल्यावाचून राहत नाही, आणि कदाचित म्हणूनच ते लक्षात राहते. त्यात नुसते ‘हेल्प’ लिहिले की मदतग्रंथ ब्राउझरमध्ये उघडतो. साधनाबरोबर आलेली पाने यंत्रात असली म्हणजे तीच दिसतात.

हा भेद आमच्यासारख्या शाळांना फार महत्त्वाचा आहे. मृगाचा पहिला पाऊस कोसळला की आमच्या गावात प्रथम वीज जाते आणि तिच्या पाठोपाठ इंटरनेट जाते. वीज तासाभरात परत येते. इंटरनेट मात्र रुसलेल्या पाहुण्याप्रमाणे दोन-दोन दिवस येत नाही. अशा दिवशी पॉवरशेलचे ‘ऑनलाइन’ पान उघडत नाही. मग काय करावे? आमच्या घरी कोकणी बोलतात, आणि त्या भाषेत ‘पुरुमेंत’ असा एक शब्द आहे. पावसाळ्यापूर्वी मिरची, सुकी मासळी, आमसुले, कडधान्ये भरून ठेवण्याची जी बेगमी, तिचे हे नाव. मदतग्रंथाचेही तसेच पुरुमेंत करता येते. पॉवरशेलच्या २०१२ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून मदतीची सविस्तर पाने साधनाबरोबर येत नाहीत. ‘अपडेट-हेल्प’ ही आज्ञा देऊन ती मागवून घ्यावी लागतात. जेथे ती मागविलेली नाहीत तेथे ‘गेट-हेल्प’ केवळ त्रोटक मजकूर दाखविते, आणि ‘यात काहीच नाही’ असे म्हणून मूल निराश होते. दालनातील प्रत्येक यंत्रास इंटरनेट मिळत नसेल, तर एका यंत्रावर ‘सेव्ह-हेल्प’ देऊन सर्व पाने एका फोल्डरमध्ये साठवावी, आणि तेथून बाकीच्या यंत्रांवर ‘अपडेट-हेल्प’ने उतरवून घ्यावी. त्यासाठी विंडोजमध्ये पॉवरशेल व्यवस्थापकाच्या अधिकाराने उघडावे लागते. म्हणून हे काम मुलांचे नव्हे, शिक्षकाचे आहे. आम्ही यंदा ते मे महिन्यात उरकले. पावसाळ्यात ब्राउझरचे दार बंद झाले तरी घरातील कोठार भरलेले होते.

आता आमच्या मतावर जे आक्षेप घेतले जातात त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा की, ब्राउझर उघडला की मुलांचे चित्त भरकटते. मदत वाचावयास गेलेले मूल पाच मिनिटांनी क्रिकेटची चित्रफीत पाहत बसलेले आढळते. हे खरे आहे. आम्ही ते डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु ग्रंथालयात गोष्टींची पुस्तकेही असतात म्हणून आपण शब्दकोशास कुलूप लावीत नाही. आम्ही एक साधा नियम केला आहे. पान उघडण्यापूर्वी आपला प्रश्न वहीत एका ओळीत लिहावयाचा. उत्तर मिळताच ते त्याखाली लिहून पान मिटावयाचे. हातात प्रश्न असलेले मूल सहसा वाट चुकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा सारा मदतग्रंथ इंग्रजीत. मराठी माध्यमाच्या मुलाने तो वाचावा कसा? पालकसभेत एका पालकांनी हाच प्रश्न आम्हांस विचारला, आणि त्यांच्या स्वरात मुलाविषयीची जी काळजी होती ती आम्हांस परकी नव्हती. आमचे स्वतःचे बालपण कोकणीत गेले. शाळेत आलो तेव्हा पाठ्यपुस्तकातील मराठी आम्हांस पुस्तकी वाटली. पुढे इंग्रजी आली तेव्हा ती तर डोंगरासारखी वाटली. प्रत्येक वेळी शब्द विचारीत विचारीतच आम्ही वरची पायरी चढलो. त्या अनुभवावरून सांगतो की, मदतग्रंथातील इंग्रजी ही कादंबरीतील इंग्रजी नव्हे. तिचे साचे ठरलेले असतात. नाव, मांडणी, वर्णन, विकल्प, उदाहरणे, संबंधित दुवे, अशी तीच ती शीर्षके पानोपानी येतात, आणि शेदोनशे शब्द ओळखीचे झाले की बराचसा अर्थ लागू लागतो. आरंभ उदाहरणांपासून करावा. ‘गेट-हेल्प’ला ‘एक्झाम्पल्स’ हा शब्द जोडला म्हणजे प्रामुख्याने उदाहरणेच पुढे येतात. उदाहरणाला भाषा कमी लागते. शिवाय पान ब्राउझरमध्ये उघडले असता त्याचे यांत्रिक मराठी भाषांतर करून घेण्याचीही सोय आज आहे. ते भाषांतर आधाराची काठी म्हणून अवश्य वापरावे. परंतु आज्ञांचे शब्द मात्र मूळ पानावरूनच घ्यावेत, कारण यंत्रास केवळ मूळ शब्दच समजतात.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक मराठीत विचारले तर मराठीत उत्तर देतो. मग ही यातायात कशाला? आम्ही त्या सहायकाचे शत्रू नाही. आम्हीही त्याला विचारतो. परंतु तो गोड बोलतो, न अडखळता बोलतो, आणि क्वचित अस्तित्वातच नसलेला विकल्प तितक्याच आत्मविश्वासाने सांगून मोकळा होतो. मित्राने पाठविलेली ओळ आणि सहायकाने दिलेली ओळ, दोन्ही शेवटी दुसऱ्याने दिलेल्या ओळीच आहेत. त्या खऱ्या की खोट्या, हे पारखण्याचा दगड मदतग्रंथच. विचारावे कोणासही, पण एंटरची कळ दाबण्यापूर्वी ती ओळ मूळ पानाशी ताडून पाहावी. हे न करणाऱ्याच्या हाती आज्ञा देण्याचे सामर्थ्य असते, जबाबदारी मात्र नसते.

मदतग्रंथाकडून शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती संगणकापुरती नाही. केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही प्रणाली घडविली. तिच्या मार्गदर्शक ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्या ग्रंथात आज्ञांच्या वर्णनाखाली ‘बग्ज’, म्हणजे दोष, असे एक शीर्षक योजलेले आढळते. आम्ही घडविलेल्या वस्तूत अमुक उणीव आहे, असे घडविणारेच तेथे लिहून ठेवितात! ज्यांच्या कामाचा पुढे जगभर प्रसार झाला त्यांना स्वतःचे दोष छापण्यात कमीपणा वाटला नाही. प्रगतिपुस्तक घरी दाखविताना थरथरणाऱ्या आमच्या मुलांनी, आणि स्वतःची चूक वर्गासमोर कबूल करताना अडखळणाऱ्या आम्हा शिक्षकांनी, हे शीर्षक ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

म्हणून यंदापासून आम्ही आमच्या दालनात एक उपक्रम सुरू केला आहे. दोन-दोन विद्यार्थ्यांनी मिळून एक आज्ञा निवडावयाची. तिची मदत शेलमध्ये वाचावयाची, मग तेथूनच ब्राउझरमध्ये उघडून सविस्तर वाचावयाची, निरुपद्रवी उदाहरण स्वतः करून पाहावयाचे, आणि शेवटी एका पानात आपल्या मराठीत लिहावयाचे. आज्ञेचे नाव, तिचे काम, एक उदाहरण, एक सावधगिरीची सूचना, आणि शेवटी ‘आम्हांस न समजलेले’ असे एक शीर्षक, असा त्या पानाचा साचा आहे. मुले आपसात चर्चा कोकणीत करतात, वाचतात इंग्रजी आणि लिहितात मराठी. आणि या तिन्ही भाषांच्या देवघेवीत आज्ञेचा अर्थ घासूनपुसून लख्ख होतो. या पानांची एक ‘मदतवही’ दालनाच्या दाराशी टांगलेली आहे. तिच्यातील पहिले पान ‘रिमूव्ह-आयटम’चे आहे, आणि ते कोणी लिहिले हे सांगण्याची आवश्यकता नाही. सावधगिरीच्या सूचनेत त्याने ‘व्हॉटइफ’ची माहिती लाल शाईने लिहिली आहे.

पालकांस आमची एक नम्र विनंती आहे. मूल घरी संगणकापुढे अडून बसले तर ‘तुला एवढेही येत नाही का?’ असे म्हणू नये. ‘त्याच्या मदतीच्या पानात काय लिहिले आहे, मला वाचून दाखव,’ असे म्हणावे. आपणांस त्यातील एक शब्दही कळला नाही तरी चालेल. वाचून दाखविता दाखविताच मुलाला पुष्कळ कळत असते.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एवढेच सांगतो. ज्यास उत्तर ठाऊक नाही तो अडाणी नव्हे. उत्तर कोठे विचारावे हे ठाऊक असूनही जो विचारीत नाही, त्याने मात्र आपले दार आपल्याच हाताने लावून घेतलेले असते. “कोणास विचारायचे, सर?” असे जो विचारील त्यास आता आमच्यापाशी उत्तर आहे. आधी त्या साधनालाच विचार. ते सांगेल तेवढे शांतपणे वाच. न पुरले तर तेथूनच ब्राउझरचे दार उघड. आणि तरीही न उमगले, तर वही घेऊन आमच्याकडे ये. आपण दोघे मिळून वाचू.